एक प्रत दुसऱ्या घरी

फोटो, आवाज, कागदपत्रे असे सारे काही संगणकात ठेवायची आपल्याला आता सवय झाली आहे. पण तो संगणकच दगा देऊन गेला तर?

मे महिन्यातील दुपार होती. गुरुग्रामला त्या दिवसांत धुळीची वादळे येतात. इकडे त्यांना आंधी म्हणतात. आभाळ पिवळे पडलेले पाहून मी खिडक्या लावायला धावले आणि माझी ओढणी टेबलावरच्या वायरीत अडकली. वायरीच्या टोकाला हार्ड डिस्क होती आणि ती सुरू होती. टेबलाची उंची जेमतेम अडीच फूट. पण खाली पडल्यावर डिस्कमधून टक्-टक् असा बारीक आवाज येऊ लागला आणि लॅपटॉपच्या पडद्यावरून ती दिसेनाशी झाली.

त्या डिस्कमध्ये माझ्या आईचा आवाज होता. २०११ पासून २०१८ पर्यंत दर दिवाळीला साताऱ्याला गेले की मी आईला बोलते करायचे आणि फोनवर ते ध्वनिमुद्रित करून घ्यायचे. गोड्या मसाल्याचे प्रमाण, कैरीच्या लोणच्यात मोहरी कधी घालायची, तिच्या आजीकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या, कोण कुणाचे कोण लागते, असे काहीबाही. २०१९ मध्ये आई गेली. त्यानंतर ते आवाज ऐकायचे धाडस मला फारसे झाले नाही. पण ते आपल्याजवळ आहेत, एवढा आधार पुरेसा वाटत होता.

तुम्ही म्हणाल, मग लॅपटॉपमध्ये होतेच की! तेच तर नव्हते. लॅपटॉपमधील जागा संपत आली, तेव्हा मी सगळ्या जुन्या फाइली त्या डिस्कवर हलवल्या होत्या आणि लॅपटॉपमधल्या पुसून टाकल्या होत्या. वर सर्वांना सांगत होते, ‘मी बॅकअप घेऊन ठेवला आहे.’ खरे पाहता मी बॅकअप घेतलाच नव्हता. एका कपाटातील दागिने मी दुसऱ्या कपाटात ठेवले होते, इतकेच. आपल्यापैकी अनेकजण हीच चूक करतात. प्रत म्हणजे दुसरी वस्तू. मूळ वस्तू नाहीशी करून जी उरते ती प्रत नव्हे, तीच आता मूळ वस्तू झाली.

घाईत झालेली दुसरी चूक

आमचे हे त्या दिवशी बंगळूरला होते. मला धीर धरवेना. संध्याकाळीच मी जवळच्या बाजारातील संगणक दुरुस्तीच्या एका लहानशा दुकानात गेले. तेथील मुलाने डिस्क दोन-तीनदा जोडून पाहिली, कानाशी धरून ऐकली आणि ‘आत काय झाले ते पाहू’ म्हणून पेचकसाने तिचे झाकण उघडले. मी समोरच उभी होते. थांबवायचे असते हे मला ठाऊकच नव्हते.

हार्ड डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या असतात. माझ्याकडे होती तसल्या लहान डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५४०० फेऱ्या घेतात. त्यांच्यावरून माहिती वाचणारे एक बारीकसे टोक फिरते. ते चकतीला टेकत नाही, तिच्यापासून किंचित वर तरंगत असते, आणि हे अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. धुळीचा साधा कणही त्या फटीपुढे डोंगरासारखा. म्हणूनच अशी डिस्क उघडायची तर हवेतील धूळ गाळून काढलेल्या खास खोलीतच उघडतात. आमची डिस्क उघडली गेली ती आंधी नुकतीच ओसरलेल्या संध्याकाळी, रस्त्याकडेच्या दुकानात.

दुसऱ्या आठवड्यात ती माहिती परत मिळवून देणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेली. तेथील तंत्रज्ञाने मला नीट समजावून सांगितले. पडल्यावर आतील टोक चकतीवर आपटले असावे. तो टक्-टक् आवाज म्हणजे ते पुन्हा पुन्हा जागा शोधत होते. त्याच क्षणी डिस्क बंद करून तशीच आणली असती, तर बरेच काही मिळण्याची शक्यता होती. पण प्रत्येक वेळी ती पुन्हा सुरू करण्यात चकतीवर आणखी ओरखडे उठले. तीन आठवड्यांनी मला निम्म्याच्या आसपास फोटो परत मिळाले. आवाजाच्या फाइलींपैकी जेमतेम सात-आठ, आणि त्यांतल्याही काही अर्ध्यावर तुटलेल्या.

जगाचे हिशेब जपणारे शहर

गंमत अशी की हे सारे गुरुग्राममध्ये घडले. २०१६ पर्यंत सरकारी कागदांवर गुडगाव असणारे हे गाव देशोदेशींच्या कंपन्यांची माहिती सांभाळण्यासाठीच ओळखले जाते. १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीने येथे जे कार्यालय थाटले, त्यातूनच पुढे जेनपॅक्ट ही कंपनी उभी राहिली. परदेशातील बँकांचे, विमा कंपन्यांचे हिशेब येथील काचेच्या इमारतींत रात्रंदिवस चालतात. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती परत मिळवण्याचे काम करणारी स्टेलर ही १९९३ मध्ये सुरू झालेली कंपनीही याच शहरातील. आमच्या सोसायटीत दर तिसऱ्या घरातून कुणीतरी रोज सकाळी दुसऱ्यांची माहिती सुरक्षित ठेवायला बाहेर पडतो. आमचे हेही त्यांतलेच. पण गणेशोत्सवात जमलेल्या आम्हा बायकांत मी सहज विचारले, ‘तुमच्या मुलांचे लहानपणीचे फोटो कुठे आहेत?’ तेव्हा एकच उत्तर पुन्हा पुन्हा आले: ‘ह्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये असतील.’

त्या ‘असतील’ची मला आता भीती वाटते.

शेजारच्या दिल्लीत घडलेली एक मोठी घटना सांगते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी एम्स रुग्णालयातील संगणक ठप्प झाले. कुणीतरी बाहेरून शिरकाव करून तेथील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. अशा हल्ल्याला रॅन्समवेअर म्हणतात. रोज हजारो रुग्ण येणाऱ्या त्या रुग्णालयात नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सारे काम हाताने, कागदावर करावे लागले. पाच सर्व्हर बाधित झाले होते. पण बॅकअपचा एक सर्व्हर या हल्ल्यातून वाचला. त्यावरची माहिती नव्या सर्व्हरवर चढवण्यात आली आणि साधारण दोन आठवड्यांनी बहुतेक सेवा पूर्ववत झाल्या, असे सरकारने संसदेत सांगितले. तो एक सर्व्हर वाचला नसता तर काय झाले असते, कल्पना करा.

घरातही हे लागू पडते. बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवली तर असा विषाणू तिच्यातही शिरतो. काम झाले की ती काढून ठेवावी, हे बरे. शिवाय माझ्यासारखी कुणाची ओढणी तिच्यात अडकणार नाही.

अपघाताने वाचलेले

मग मला धाकट्या बहिणीची आठवण झाली. २०१४ च्या दिवाळीत ती आईचे आवाज ऐकायला हवेत म्हणून मागे लागली होती, तेव्हा मी एका पेन ड्राइव्हवर सगळे घालून तिला दिले होते. त्यात सावधगिरीचा भाग काहीच नव्हता. फोन केला तर ती म्हणाली, ‘ताई, थांब, बघते.’ तासाभराने तिचा फोन आला. पेन ड्राइव्ह तिच्या मंगळसूत्राच्या डबीत सापडला होता. इतकी वर्षे कुणी तो संगणकाला लावलाही नव्हता. लावला, आणि आईचा आवाज आला. बहीण फोन तसाच धरून बसली आणि मी इकडे ऐकत राहिले.

पेन ड्राइव्ह इतकी वर्षे टिकला हे आमचे नशीब. त्यातील माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला तर तो भार हळूहळू ओसरतो. म्हणून पेन ड्राइव्ह हा ने-आण करण्यासाठी ठीक, कायमच्या साठवणीसाठी नाही. घरी भाजलेल्या सीडींचेही तेच. लग्नाच्या चित्रफितीची सीडी तुमच्या कपाटात असेल तर ती आजच कुणाकडून तरी उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते.

अशाच एका अपघाताने एक जगप्रसिद्ध चित्रपट वाचला होता. ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना, १९९८ मध्ये, पिक्सार कंपनीतील कुणाच्या तरी हातून एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि चित्रपटाच्या फाइली एकामागून एक पुसल्या जाऊ लागल्या. पडद्यावरील बाहुल्याची आधी टोपी गेली, मग बूट, मग बाहुलाच गेला. बॅकअप आहे म्हणून सगळे निश्चिंत होते. पाहतात तो बॅकअप कित्येक दिवस नीट घेतलाच जात नव्हता आणि कुणी तो उघडून पाहिलाही नव्हता. तेव्हा गॅलिन ससमन या तांत्रिक दिग्दर्शिकेला आठवले की बाळंतपणामुळे ती घरून काम करत होती आणि तिच्या घरच्या संगणकात चित्रपटाची प्रत आहे. तो संगणक ब्लँकेटांत गुंडाळून, गाडीच्या मागच्या आसनाला पट्ट्याने बांधून, तान्ह्या बाळाला आणावे तसा कार्यालयात आणला गेला. (पुढे त्या चित्रपटाची कथाच बरीचशी नव्याने लिहिली गेली ते सोडा.)

आपल्याकडे हे काही नवीन नाही. तुकारामबुवांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांचे अभंग संताजी जगनाडे यांनी आपल्या हाताने आपल्या वह्यांत उतरवून ठेवले होते. त्या वह्या टिकल्या आणि पुढे वि. ल. भावे यांनी त्यांवरून गाथा छापली. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या हातची प्रत!

माझ्या सासूबाई म्हणतात, ‘त्यापेक्षा कागदच बरा.’ त्यांना मी २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीची आठवण करून देते. किती कागद जळाले त्यात! आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा फोटोंचे अल्बम आणि संगणक एकाच पाण्यात भिजले. आमच्या गुरुग्रामलाही पाऊस नवा नाही. २८ जुलै २०१६ च्या पावसाने हीरो होंडा चौकात पाणी साचून सारे शहर रात्रभर रस्त्यावर अडकले होते. एकाच घरात दोन डिस्क असून उपयोग काय, जर दोन्ही एकाच कपाटात असतील?

माहिती गेली तर

आधी थांबा. हे सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगाचे. डिस्क आवाज करत असेल तर वीज बंद करा, पुन्हा लावून पाहू नका, कुणाला उघडू देऊ नका. पाण्यात भिजली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने वाळवू नका, उन्हात ठेवू नका आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच घालू नका. तशीच पिशवीत घालून जाणकाराकडे न्या.

चुकून फाइल पुसली गेली असेल तर गोष्ट वेगळी. संगणक फाइल पुसतो म्हणजे बहुधा पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतील तिचे नाव खोडतो. पान मात्र जागच्या जागी असते, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून त्या डिस्कवर नवे काही साठवू नका. गेलेली फाइल शोधण्यासाठीचे सॉफ्टवेअरसुद्धा त्याच डिस्कवर उतरवून घेऊ नका. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या चकत्यांऐवजी एसएसडी असते. तिच्या बाबतीत मात्र आशा कमी, कारण पुसलेली जागा ती स्वतःच लवकर साफ करून टाकते. फोनमधील फोटो गेला तर प्रथम कचरापेटी पाहा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तेथे ६० दिवस राहतो, आयफोनमध्ये साधारण ३० दिवस.

‘आमचे सगळे क्लाऊडमध्ये असते’

हे वाक्य मी वरचेवर ऐकते. क्लाऊड चांगलाच आहे. आमच्याकडेही आहे. पण त्याचे दोन-तीन खाचखळगे माहीत हवेत. पहिला असा की फोन आणि क्लाऊड एकमेकांची सावली असतात. बॅकअप सुरू असताना गूगल फोटोजमधून एखादा फोटो पुसला की तो दोन्हीकडून जातो. फोनमधील जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी वेगळी सोय आहे, ती वापरा. माझ्या जावेने एकेक करून तीनशे फोटो पुसले. तिला वाटले, वर ढगात आहेतच!

दुसरा खड्डा जागेचा. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मोफत मिळणारी १५ जीबीपर्यंतची जागा मेल, फोटो आणि इतर फाइली मिळून असते. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्याच जागेत मोजला जाऊ लागला. सकाळच्या सुप्रभाताच्या चित्रांनी ती भरली की बॅकअप थांबतो. सूचना येते. ती आपण बोटाने बाजूला सारतो.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. घरातील एखादी व्यक्ती गेली की तिचा फोन कपाटात जातो, पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो आणि दोन वर्षे कशी जातात कळत नाही. आपले खाते बराच काळ वापरले गेले नाही तर कुणाला कळवावे, हे गूगलमध्ये आधी नोंदवून ठेवता येते. ॲपलनेही २०२१ पासून वारस नेमण्याची सोय दिली आहे. यांना मी हे सांगितले तेव्हा ते आधी हसले, मग गप्प झाले आणि त्या रविवारी आम्ही दोघांनी बसून ते करून टाकले. घरातले पासवर्ड एका वहीत लिहून वही बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली.

गुणपत्रिका, वाहन परवाना, आधार अशा सरकारी कागदांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे. त्यात संबंधित खात्याने दिलेला कागद मूळ कागदासारखाच ग्राह्य धरला जातो. तेवढी एक काळजी कमी.

बाकीच्यासाठी पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. आमच्याकडे एक लॅपटॉपमध्ये, एक डिस्कवर, एक क्लाऊडमध्ये. आणि बहिणीकडे चौथी, कारण मी एकदा पोळले आहे.

जगात ३१ मार्च हा बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी आर्थिक वर्ष संपते. आमच्या ह्यांना त्या दिवशी जेवायलाही फुरसत नसते. म्हणून मी आमच्यापुरता खंडेनवमीचा दिवस ठरवला. त्या दिवशी घरातल्या अवजारांची पूजा होते, लॅपटॉपलाही झेंडूचे फूल मिळते. तर फूल वाहण्याआधी प्रत घ्यायची. आणि ती उघडून पाहायची. मी डोळे मिटून पाच फाइली निवडते, प्रत्येक फाइल पूर्ण चालवते. गेल्या वर्षी पाचांतली एक उघडलीच नाही. प्रत अर्धवट उतरली होती. पुन्हा घेतली.

मग दिवाळीत ती डिस्क साताऱ्याला जाते आणि बहिणीची आमच्याकडे येते.

आईच्या ज्या चार दिवाळ्या गेल्या त्या गेल्याच. २०१६ मध्ये तिने तिच्या आजीचे माहेर कुठले ते सांगितले होते, एवढे मला आठवते. गावाचे नाव आठवत नाही. बहिणीलाही नाही. कऱ्हाडला आमची एक मावशी आहे, शहाऐंशी वर्षांची. गेल्या दिवाळीत आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, तिच्यापुढे दोन फोन ठेवले आणि दोन्ही सुरू केले. मावशीला गावाचे नाव सांगता आले नाही. नदी ओलांडून बैलगाडीने जात असू, एवढेच ती म्हणाली. नंतर मात्र तासभर ती त्या बैलांविषयीच बोलत राहिली. ते रेकॉर्डिंग त्याच रात्री आम्ही चारही ठिकाणी चढवले.